उरलेल्या गोळ्यांचं कपाट

९ फेब्रुवारी, रविवार

आज कपाटाचा वार, दहा ते बारा. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हे पत्र्याचं कपाट मी मांडलं त्याला आता दहा वर्षं होतील. तेव्हा विलास म्हणाला होता, "पद्माकर, तुला रिटायर होऊन चार महिने झाले नाहीत आणि तू परत स्टोअर उघडलंस." विलास आमचा सेक्रेटरी. कामापेक्षा बोलणं जास्त, पण मनाने चांगला. मारतहळ्ळीतल्या मराठी घरांपैकी निम्म्यांना तरी आता हे कपाट ठाऊक आहे. कुणाच्या घरी औषधं उरली की ती इथे येतात. मी मुदतीची तारीख बघतो, फाटकी पाकिटं काढून टाकतो, बाकीची खणात लावतो. खाली तापाच्या, मग पोटाच्या, खोकल्याच्या आणि सगळ्यात वरती अँटिबायोटिक. विमानांच्या कारखान्यात सुटे भाग पास-नापास करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. मुदत संपलेली एकही गोळी माझ्या हातून कुणाला गेलेली नाही.

आज सात जण आले. बेळ्ळंदूरला नोकरीला जाणारी नवी मुलं-मुलीच जास्त. पुण्याहून आलेली कस्तुरी म्हणाली, "काका, डॉक्टरकडे जायचं म्हणजे हाफ डे जातो हो. ट्रॅफिकमध्येच जीव जातो." घसा बसला होता बिचारीचा. पाच गोळ्यांच्या पट्टीतल्या तीन तिला कापून दिल्या. दोन दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतील. घशाला तीन दिवस पुरतात, असा माझा अनुभव आहे.

घरी येऊन प्रतिमाला सांगितलं तर म्हणाली, "आता दारावर पाटीच लावा. पद्माकरपंत, घशाचे स्पेशालिस्ट." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी या बाईला माझी थट्टा केल्याशिवाय भात गिळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रतिमाला परत लघवीची जळजळ. वर्षभरातली पाचवी वेळ असेल. शुगर आहे, त्यामुळे हे चालायचंच. स्वतःहून सांगणार नाही. दुपारी दोन तासांत चारदा उठली तेव्हा मला कळलं. मागच्या वेळी जिने उतार पडला होता तीच गोळी काढली, तर तोंड वाकडं.

"ती नको. पोटात ढवळतं. आणि उतार पडला म्हणता, मग परत का आलं?"

म्हटलं, मग दुसरी देतो, कपाटात काय कमी आहे? हॉलवर जाऊन वरच्या खणातल्या सेफिक्झिमच्या चार गोळ्या घेऊन आलो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पेला उचलला आणि मुकाट्याने घेतली. एरवी गोळी घेतली की "झालं तुमचं समाधान?" असं म्हणते. आज काहीच म्हणाली नाही.

मुकुलचा फोन आला होता. तो आणि सूनबाई ऋचा इंदिरानगरला असतात. म्हणाला, "बाबा, एकदा कल्चर करून घ्या ना. लॅबवाले घरी येऊन सँपल नेतात." कल्चर म्हणजे लघवीतला जंतू वाढवून तो कुठल्या औषधाने मरतो ते बघायचं, त्याला तीन दिवस लागतात. तीन दिवसांत माणूस बरा होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलातून लिहितो आहे. सकाळी प्रतिमा थंडीने इतकी कापत होती की पलंग वाजत होता. तीन पांघरुणं घातली. मग मला "दादा, शाळेची घंटा झाली का" असं विचारलं. दादा म्हणजे तिचा भाऊ, तो जाऊन दहा वर्षं झाली. मी घाबरलो. मुकुलला फोन केला, तो येईपर्यंत अर्ध्या तासात तिचे हात गार पडले होते. कॅज्युअल्टीत ब्लडप्रेशर ऐंशीच्या खाली. लघवीतला जंतू रक्तात गेलाय म्हणाले.

आयसीयूच्या डॉक्टर रम्या म्हणून आहेत. वयाने आमच्या ऋचाएवढ्या. त्यांनी मला विचारलं, "अंकल, लास्ट वन इयर, एनी अँटिबायोटिक्स? कौनसे, कितने दिन, एनीथिंग?"

मी म्हटलं, "नो. नथिंग. शी डझन्ट लाइक मेडिसिन्स."

दुसरं वाक्य खरं आहे. पहिलंही खोटं कसं म्हणायचं? कुठल्याही डॉक्टरने तिला अँटिबायोटिक लिहून दिलेलं नाही. कपाटातल्या चार-दोन गोळ्या म्हणजे काही ट्रीटमेंट नव्हे. शिवाय मुकुल शेजारी उभा होता.

प्रतिमाने तेवढ्यात डोळे उघडले आणि डॉक्टरांशी कानडीत बोलायला लागली. कॉलनीतली बालवाडी तिने वीस वर्षं चालवली, तिचं कानडी पाण्यासारखं आहे. मी कारखान्यात इंग्रजी-हिंदीवर निभावलं, माझी मजल 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यापर्यंत. बराच वेळ बोलत होती, मध्ये मध्ये दम लागत होता. मला 'मात्रे' तेवढं कळलं, म्हणजे गोळ्या. शुगरच्या गोळ्यांचं सांगत असणार. डॉक्टरांनी तिचा हात धरला होता. शेवटी त्या "सरी अम्मा, सरी" म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. बायकांना बोलायला आयसीयूही चालतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कालच संध्याकाळी कोलिस्टिन नावाचं औषध सलाईनमधून सुरू केलंय. आज डॉक्टर रम्यांनी मला आणि मुकुलला बसवून समजावलं. जुनं औषध आहे. मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून मधली बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं. आता बाकीची औषधं चालेनाशी झाली म्हणून परत काढावं लागलं. याच्यापुढे हातात फारसं काही उरत नाही, असंही म्हणाल्या.

मी गप्प बसायला हवं होतं, पण तो माझा स्वभाव नाही. म्हटलं, कल्चरचा रिपोर्ट अजून यायचाय, साधी औषधं न देता तुम्ही थेट तोफ काढलीत. तपासणीच्या आधी निकाल? आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

डॉक्टरांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "अंकल, आय हॅव माय रीझन्स."

ही हल्लीची पिढी. कारण विचारलं की कारण आहे म्हणून सांगतात. कालचा तो प्रश्न मात्र आज त्यांनी परत विचारला नाही. ते एक बरं झालं. फॉर्मवर मुकुलने सही केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

भेटीची दहा मिनिटं. प्रतिमा जागी होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तो बाजूला करून बोलायचा हट्ट.

"जेवलात का?"

म्हटलं, जेवलो.

"आज रविवार ना? कपाट उघडलंत?"

"आज कसलं कपाट!"

"लोक येऊन परत गेले असतील हो." मग दम खाऊन म्हणाली, "डॉक्टरीण चांगली आहे. तिच्याशी वाद घालू नका."

म्हणजे कालचं हिच्यापर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, वाद कुठे, दोन प्रश्न विचारले. ती माझं बोट धरून होती. म्हणाली, "आणि हे बघा, काही मनाला लावून घेऊ नका हं. माझं वय झालंय, शुगर आहे. उगाच काही लावून घेऊ नका."

मी कशाला काय मनाला लावून घेऊ? तापात माणूस काहीही बोलतं. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं. निघताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला. चारचौघांत असं मी कधी करत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. एका बाजूला औषधांची नावं, दुसऱ्या बाजूला अक्षरं. मुकुलने सांगितलं, R म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही. चौदा नावं. तेरांपुढे R. कोलिस्टिनपुढे तेवढा नाही.

असे कागद मी आयुष्यभर वाचले. एका लॉटमधले चौदापैकी तेरा भाग नापास झाले तर दोष भागात शोधायचा नसतो, कुठल्या यंत्रावर बनले ते बघायचं असतं. मी नावं परत वाचली. त्यातली चार नावं माझ्या वरच्या खणातली आहेत. गेल्या वर्षात मी तिला दिलेली. दोन-दोन, तीन-तीन गोळ्या. बरं वाटलं की बंद, उरलेल्या परत कपाटात.

खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. चहा तसाच राहिला. मनाला पुष्कळ सांगून बघितलं. हे जंतू हल्ली सगळीकडे आहेत, पाण्यात आहेत, हॉस्पिटलात आहेत. बाकी नऊ नावं तर मी कधी हातात धरली नाहीत. पण चार धरली.

मुकुल येऊन शेजारी बसला. म्हणाला, "बाबा, एवढं सगळं रेझिस्टंट कसं काय? आईने तर कधी काही घेतलंच नाही."

मी म्हटलं, "इथूनच लागलं असेल. हॉस्पिटलातून."

असं मी माझ्या मुलाला सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

व्हेंटिलेटर लावला. आता ती झोपेच्या औषधात आहे, बोलणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताप उतरतोय, पण मूत्रपिंडं बंद पडत चालली आहेत. क्रिएटिनिन पहिल्या दिवशी दीड होतं, आज सव्वाचार. औषधाचा परिणाम की आजाराचा, दोन्ही असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. औषध थांबवलं तर जंतू डोकं वर काढणार, चालू ठेवलं तर मूत्रपिंडं जाणार. डायलिसिस सुरू केलं.

आज डॉक्टर रम्या एकट्या भेटल्या होत्या, लिफ्टपाशी. सांगायचं म्हणून मी दोन पावलं पुढेही गेलो. मग विचारलं काय, तर "मॅडम, पार्किंग कितनी देर तक रख सकते हैं?" मी गाडी चालवणं सोडून तीन वर्षं झाली.

आता सांगून उपयोग काय, असं मी स्वतःला म्हणतो. पण खरं कारण ते नाही. मला भीती वाटते. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही. आणि त्यानंतर मुकुल माझ्याकडे कसा बघेल ते बघायचं नाही. सत्तर वर्षांचा माणूस आणि हे माझं धैर्य.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

त्यांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि उभ्यानेच सगळं ओकून टाकलं. कपाट, वरचा खण, वर्षात पाच वेळा, कुठल्या गोळ्या, किती. पहिल्या दिवशी खोटं बोललो हेही. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आय नो, अंकल. आंटी ने पहले ही दिन बता दिया था."

मला आधी कळेचना. त्या दिवशी, मी पलंगाच्या पायथ्याशी उभा असताना, प्रतिमाने कानडीत त्यांना सगळं सांगितलं होतं. गोळ्यांची नावं येत नव्हती म्हणून पट्ट्यांचे रंग सांगितले होते. किती घेतल्या, किती परत केल्या, सगळं. त्यामुळेच रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच संध्याकाळी कोलिस्टिन सुरू केलं. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस दुसऱ्या औषधात गेले असते.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत.

"अवरिगे हेळबेडी, आंटी ने बोला. उनको मत बताना. नौकरी के बाद वो कपाट ही उनका ऑफिस है, बोलीं."

मी विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाल्या, हा जंतू नेमका कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही. पण चुकीचं औषध थोडं थोडं दिलं की दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि मग त्यांचंच राज्य होतं. असं पाच वेळा झालं.

बाहेर येऊन मुकुलला सांगितलं. तो जिना उतरून गेला. मला वाटलं, गेला. वीस मिनिटांनी दोन कप चहा घेऊन आला, एक माझ्या हातात दिला आणि मधली एक खुर्ची सोडून बसला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हॉलवर जाऊन कपाट रिकामं केलं. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. डॉक्टर रम्यांनी सांगितलेल्या माणसाकडे, हॉस्पिटलात औषधं जाळायला पाठवतात तिथे, स्वतःच्या हाताने नेऊन दिल्या.

मग प्रतिमापाशी गेलो. व्हेंटिलेटर, डायलिसिसचं मशीन, सगळ्या नळ्यांमध्ये ती एवढीशी. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, मी सांगितलं सगळं. मला कळलंय. तुला माझ्यापासून काही लपवायला नको. पापणीसुद्धा हलली नाही. रविवारी ती शुद्धीवर होती, बोलत होती. मी रविवारी बोललो असतो तर तिला उत्तर देता आलं असतं. दहा मिनिटं होती माझ्याकडे. मी तिथेच रडलो, नर्सच्या समोर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रतिमा गेली.

रक्तातला जंतू कमी होत आला होता, म्हणाले. औषध लागू पडलं होतं. तेवढे दिवस तिचं हृदय टिकलं नाही.

९ मार्च, रविवार

काल तेरावा झाला. आज मंडळाने शोकसभा ठेवली होती. पन्नासएक माणसं आली होती. मुकुल बरोबर होता, ऋचाला बरं नव्हतं म्हणून ती घरी थांबली.

प्रतिमाचा फोटो, हार, बालवाडीतल्या जुन्या मुलांनी लिहिलेली पत्रं. सगळं नीट चाललं होतं. मग विलास उठला आणि कपाटावरची चादर त्याने बाजूला केली. कपाटाला नवा निळा रंग. वर पाटी: 'प्रतिमाताई स्मृती औषध कपाट'. आतले चारही खण गच्च. विलास म्हणाला, "पद्माकरने दुःखात कपाट मोकळं केलेलं बघून आपल्या सगळ्यांना वाईट वाटलं. एका हाकेसरशी प्रत्येक घरातून पिशवी आली. ताईंना याहून चांगली श्रद्धांजली कुठली?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो आणि बोललो. मला भाषण येत नाही, पण काही गाळलं नाही. पाच वेळा मी तिला या कपाटातलं औषध दिलं. चुकीचं दिलं, अर्धवट दिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. ती गेली त्यात माझा हात आहे. या कपाटाचा आहे. हे बंद करा.

विलासने माझा खांदा धरला. "दुःखात माणूस स्वतःलाच दोष देतो, पद्माकर. बस तू." संध्याताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तिचं तेवढंच आयुष्य होतं हो." मागून कुणीतरी म्हणालं, आमचा शार्दूल याच कपाटाने बरा झाला. कुणीतरी माझ्या हातात कॉफी दिली. सगळ्यांनी माझी समजूत घातली. इतक्या प्रेमाने घातली की मला ओरडताही येईना. मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघालो.

गाडी आउटर रिंग रोडला लागली तेव्हा मुकुलने विचारलं, "बाबा, दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

विलासकडे. मुकुलने पुढच्या वळणावरून गाडी फिरवली. तेवढ्या अंतराला पस्तीस मिनिटं लागली.

कपाट उघडं होतं. विलास वरच्या खणातली पट्टी एका बाईच्या हातात देत होता. नागपूरहून गेल्या वर्षी आलेलं कुटुंब, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी, वेदिका. गाल तापाने लाल. मी बाईच्या हातातली पट्टी धरली. तिने सोडली नाही. मीही सोडली नाही. विलास म्हणाला, "पद्माकर, लोक बघताहेत." बाई रडकुंडीला आली. "काका, द्या ना हो. मागं दोनदा इथल्याच गोळीनं उतरला होता तिचा ताप. तुम्हीच दिली होती."

मला ती आठवत नव्हती. मुलगीही आठवत नव्हती.

मुकुलने पोरीला उचललं, बाईला म्हणाला, "चला, मी डॉक्टरकडे नेतो, आणून सोडतो." तिला काही पटलं नव्हतं, पण पोर त्याच्या कडेवर होती, म्हणून ती मागोमाग गेली. मी गाडीपर्यंत गेलो. खिडकीची काच खाली करायला लावली.

तिला म्हटलं, "आधी काय दिलं होतं ते डॉक्टर विचारतील. लपवू नका. दोन्ही वेळचं सांगा. कुणी दिलं म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगा."